मसाला म्हशीला घाला

माझ्या सासूला वाचता येत नाही, हे त्या दिग्विजयला पहिल्याच दिवशी कळलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर तो सगळीकडे सांगत सुटला की आजींना विचारूनच सगळं केलं. विचारलं म्हणजे काय, तर मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "बघा आजी, कसं दिसतंय?" त्यांना स्वतःचा फोटो दिसला. त्या म्हणाल्या, "झ्याक." झालं विचारून.

सासूबाईंचं नाव कुशाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. आम्ही इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. घरचा ऊस, गोठ्यात म्हशी, आणि माझा नवरा सौरभ बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. दुपारची भांडी आवरून मी मोबाईल घेऊन बसले की आत्या शेजारी येऊन टेकायच्या आणि बघता बघता बोलायला लागायच्या. मोबाईलमधल्या माणसाला ऐकू जातंय असंच बोलायच्या. कुठली तरी परदेशातली बाई चिमट्यानं पोळी उलटायला लागली, की ह्या इथून ओरडणार, "अगं हातानं उलट की! मेंदी लावलीया व्हय?" कुणी हौसेनं ट्रॅक्टर चिखलात गरागरा फिरवला, की "ह्याला आज बायकुनं घरात घेऊ नये." मला हसू आवरायचं नाही. एकदा मी दुसऱ्या मोबाईलनं त्यांचं बोलणं टिपलं, कोपऱ्यात तो मूळ व्हिडिओ लावला आणि दिला चढवून. चॅनलचं नाव ठेवलं 'कुशाबाईचं बघणं'. ह्याला रिॲक्शन व्हिडिओ म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

बघणारे थोडेच होते, पण शेवटपर्यंत बघायचे. अकलूजची एक मास्तरीण दर वेळी लिहायची, आजी, आज हसून हसून पोट दुखलं. मी ते वाचून दाखवलं की आत्या पदर तोंडाला लावून लाजायच्या. मला तेवढं पुरत होतं. सौरभला पुरत नव्हतं.

"नाव टाकून शोधलं तरी आई सापडत न्हाय," तो कुरकुरायचा. "कुशाबाई टाकलं की भलत्याच गावची कुणी सरपंचीण येतीया. असल्या व्हिडिओचा उपेग काय?"

त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याला दिग्विजयचा पत्ता दिला. बारामतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर ह्याचा क्लास. आपला व्हिडिओ लोकांच्या शोधात वर कसा आणायचा, हे तो पोरांना शिकवतो. वय माझ्यापेक्षा कमी, पण सगळे त्याला सर म्हणतात, म्हणून शेफारलेला. सौरभनं आमच्या चॅनलच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, त्याच्या हाती दिल्या. व्हिडिओ मी करायचा आणि नाव, फोटो, खालचे शब्द सगळं त्यानं घालायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्या दोघांनी ठरवलं.

"ताई, व्हिडिओ नुसता चांगला असून चालत नाही," तो मला समजावायला लागला. "लोक काय टाइप करतात ते हुडकायचं आणि तेच आपण वर लिहायचं. आणि लोक चांगलं कधी टाइप करत नाहीत. भांडण टाइप करतात, इज्जत काढली टाइप करतात."

पहिल्या दिवशी घरी येऊन पोळीच्या व्हिडिओला त्यानं नाव दिलं, 'फॉरेनच्या सुनेची पोळी बघून आजीचा पारा चढला'. आत्यांचं ते 'झ्याक' ह्याच फोटोला. पारा वगैरे काही चढला नव्हता, आत्या त्यात खो खो हसत होत्या. पण बघणारे वाढले. सौरभ मिशीला पीळ देत फिरायला लागला. मला राग आला होता, पण त्या परदेशातल्या बाईला मराठी येत नव्हतं, तिचं काही बिघडलं नाही. म्हणून मी गप्प राहिले.

मग उन्हाळा लागला, आणि ह्या माणसानं माझ्या आईच्या पोटावर पाय दिला.

माझं माहेर बावडा. आईचं नाव द्वारकाबाई. वडील गेल्यापासून ती काळा मसाला करून विकते. सातवी शिकलेली आहे, मोबाईल स्वतःचा स्वतः चालवते. मिरची भाजताना, कांडताना व्हिडिओ करते आणि 'द्वारकाबाई मसाले, बावडा' ह्या नावानं टाकते. पुण्याच्या, सोलापूरच्या बायका नाव शोधून, नंबर घेऊन फोन करतात. वर्षाचा मसाला घरोघर उन्हाळ्यातच भरतात, त्यामुळं आईचं वर्षाचं काम ह्याच दिवसांत होतं. हे दिवस गेले की गेले. पावसाळ्यात मसाला विचारायला कुणी येत नाही.

मीच आत्यांना म्हटलं, माझ्या आईचा व्हिडिओ बघून बोला की. विहिणीबद्दल बोलायचं म्हटल्यावर त्या जरा सावरून बसल्या, पदर नीट केला. आई कढईत खोबरं भाजत होती. आत्या गप्प बघत राहिल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे मोठीच गोष्ट. मग म्हणाल्या, "बघा, बघा हात कसा फिरतुया. करपू दिलं न्हाय, कच्चं ठिवलं न्हाय. आन् आमी मसालं करतुया म्हणून मिरवतो! आता माझा मसाला म्हशीला घाला आन् माझ्या ईनबाईंचा घरात आणा." आणि डोळ्याला पदर लावून हसल्या. माझ्या आईचं एवढं कौतुक मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं होतं. मला भरून आलं. मी तो व्हिडिओ दिग्विजयकडे पाठवला आणि निवांत झोपले.

दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला. एरवी ती आधी म्हशींची चौकशी करते, मग माझी. त्या दिवशी थेट म्हणाली, "स्वरूपा, तुझ्या सासूला सांग, आमचा मसाला म्हशीला घालायच्या लायकीचा हाय तर हाय. पर ते घरात म्हणायचं हुतं. गावाम्होरं कशाला?"

मला काही उमजेना. मी फोन ठेवून आमचाच चॅनल उघडला. वर एका म्हशीचा फोटो, तिच्या तोंडापाशी आईचं मसाल्याचं पाकीट, बाजूला आ वासलेल्या आत्या आणि मध्ये लाल बाण. खाली लिहिलेलं, 'द्वारकाबाई मसाले, बावडा | मसाला म्हशीला घाला! विहिणीनं विहिणीची इज्जत काढली'. शिवाय त्यानं एक छोटा तुकडाही वेगळा टाकला होता. त्यात 'माझा' हा शब्द कापून आत्या नुसत्या म्हणत होत्या, मसाला म्हशीला घाला. तेवढंच, आणि पाठीमागं म्हशीचं हंबरणं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईचं नाव टाकून शोधलं. आधी तिथं आई यायची, मिरच्यांच्या ढिगापुढं बसलेली. आता पहिली म्हैस येत होती.

मी आईला परत फोन लावला. म्हटलं, आई, पूर्ण बघितलास का? ती म्हणाली, "बघायचं कशाला? वर लिवलंय की." माझ्या सख्ख्या आईनं पूर्ण बघितला नव्हता, तर पुण्याचं गिऱ्हाईक कशाला बघेल? ज्यांनी मसाला सांगून ठेवला होता त्या बायका फोनवर अडखळत होत्या, ताई, यंदा नको, आमच्या जाऊबाई गावाहून आणणार आहेत. आईच्या अंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि कांडायचं कुणासाठी, हे तिला कळत नव्हतं.

सौरभ घरी आल्यावर मी त्याच्या पुढ्यात मोबाईल आपटला. तो वाचून म्हणाला, "जरा जास्तच झालंया." जरा! आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालंया? काय लिवलंय त्यात?" सौरभ मला डोळ्यांनी खुणावत होता, सांगू नको. मी शब्दन् शब्द वाचला. आत्यांनी एकदा परत वाचायला लावला. मग म्हणाल्या, "माझ्या तोंडाखाली असलं लिवलं? आन् असल्याला मी झ्याक म्हणलं?"

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी सौरभला म्हटलं, उद्या मी बारामतीला जाते आणि त्याचा क्लास डोक्यावर घेते. आत्या म्हणाल्या, "मी बी येती."

एसटीनं बारामतीला गेलो. जिना चढून वर गेलो तर क्लास भरलेला होता, पोरं समोर बसलेली. दिग्विजय आम्हाला बघून असा फुलला, जणू आम्ही पेढे घेऊन आलोय. पोरांना म्हणाला, "ह्याच त्या आजी! टाळ्या." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं पडद्यावर दाखवलं, "द्वारकाबाई मसाले टाकलं की आपण एक नंबरला. त्यांच्या स्वतःच्या चॅनलच्यापण वर. ह्याला म्हणतात काम."

"ती माझी आई हाय," मी म्हटलं.

"माहितीये ताई. म्हणून तर चाललं. विहिणी-विहिणींचं भांडण लोक लई शोधतात."

"भांडण कुठं हुतं? आत्यांनी कौतुक केलंय! माझा मसाला म्हशीला घाला म्हणल्यात त्या. तू 'माझा' कापलास."

"ताई, कौतुक कोण शोधतंय?" तो अगदी शांतपणे म्हणाला. हे त्याचं शांतपणच मला सहन होईना. "हे माझं मत नाही, लोकांचा शोध तसा आहे. मी फक्त लोकांना पाहिजे ते वर लिहितो."

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. क्लासमधल्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या एवढं सांगते. शेवटी त्यानं तिथंच नाव बदललं, तो तुकडाही काढला. "माझं काय जातंय," म्हणाला. "पण उपयोग नाही. तो तुकडा आता बाकीच्यांनी उचललाय. कुणी त्याच्यावर गाणं लावलंय, कुणी त्याच्यावर आपली रिॲक्शन दिलीये. आईंचं नाव टाकलं की तेच येणार. मी कुणाकुणाचं काढू?"

"मग आता काय करायचं?"

"खाली ढकलायचं तर त्याच्या वर काहीतरी चढवावं लागतं. खुलासा केला तर कुणी बघणार नाही, लिहून देतो. त्यापेक्षा वरचढ पाहिजे. माफी चालते. आजी रडल्या तर जास्तच चालेल."

मी उठलेच. चॅनलच्या चाव्या त्याच्याकडून तिथल्या तिथं काढून घेतल्या आणि आत्यांचा हात धरून जिना उतरले. म्हटलं, ह्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. परतीच्या एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. शेळगावच्या फाट्यावर उतरल्यावर एवढंच म्हणाल्या, "उद्या बावड्याला जाऊ. मोबाईल भरून घे."

मला वाटलं, समजूत काढायला चाललोय. आईला पूर्ण व्हिडिओ दाखवू, दोघी हसतील, चहा होईल.

आईनं दारात विहीण बघितली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला, अंगणातच चटई अंथरली. कितीही बिनसलं तरी विहिणीला पाणी द्यायचं ती चुकली नाही. पण लगेच पाठ करून मिरच्या निवडायला बसली. मी मोबाईल तिच्या हातात देऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला लावलं. ती बघत राहिली. आत्या मोबाईलमध्ये म्हणाल्या, माझ्या ईनबाईंचा घरात आणा, तेव्हा आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मला कळलं, ईनबाई," ती म्हणाली. "तुमचा दोष न्हाय. पर मला एकटीला कळून काय करू? माझं गिऱ्हाईक कुठं हितं बसून बघतंया?"

"तेच म्हणती मी," आत्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "स्वरूपा, मोबाईल धर."

मी धरला. अजून मला काही कळलं नव्हतं. आत्या उठल्या, पदर खोचला, आईपुढं गेल्या आणि वाकून तिचे पाय धरले.

आई चटका बसल्यासारखी मागं सरली. "ईनबाई! पाप लावता व्हय मला? उठा, उठा आधी!"

आमच्याकडं हे होत नाही. मुलाची आई मुलीच्या आईपुढं वाकत नाही, कधीच नाही. माझ्या लग्नात माझ्या आईनं ह्याच आत्यांचे पाय पाटावर ठेवून धुतले होते आणि सगळ्या मांडवानं ते बघितलं होतं. त्यातून आत्या आईपेक्षा वयानं मोठ्या. शेळगावात त्यांनी कुणापुढं मान खाली घातलेली मी पाहिली नव्हती, सोसायटीच्या चेअरमनलासुद्धा त्या तोंडावर बोलायच्या. मी मोबाईल खाली घेतला.

"धर नीट," आत्या खालूनच ओरडल्या. "माझं तोंड दिसू दे. न्हायतर कोण बघायचं न्हाय."

"आत्या, तुमी काय केलंय? तुमचं काय चुकलंय? चूक त्या मेल्याची, पाय त्यानं धरावं!"

"त्यानं धरल्यालं कोण शोधील?" त्या म्हणाल्या. "धर म्हणलं ना."

मी धरला. आत्या मोबाईलकडं तोंड करून बोलल्या. मसाला माझा म्हशीला घाला म्हणलं हुतं, हिचा न्हाय. हिच्यासारखा मसाला आमच्या तालुक्यात हुत न्हाय. माझ्या तोंडातला शब्द कापला, तरी तोंड माझंच हाय, म्हणून पाय मी धरती. एवढं बोलून त्या बसल्या. आई भिंतीला टेकून रडत होती.

वर काय लिहायचं तेसुद्धा त्यांनीच सांगितलं. "लिही, वरमाईनं विहिणीचं पाय धरलं." मी लिहिलं. पुढं आईचं नाव लिहिलं, मसाला लिहिलं, बावडा लिहिलं. फोटो लावला तो त्या वाकल्या तेव्हाचा. मला माहीत होतं हे चालणार, आणि चालणार हे माहीत असण्याचीच मला चीड येत होती.

चाललं. असं चाललं की म्हैस दिसेनाशी झाली. आईचं नाव टाकलं की आता आईच्या अंगणात वाकलेल्या आत्या यायच्या आणि त्यांच्या मागं सुपात मिरच्या. पुण्याच्या बायकांचे फोन परत सुरू झाले. त्यातली एक म्हणाली, ज्या मसाल्यासाठी वरमाय वाकली तो आम्हाला पाहिजेच. आईनं अंगणातल्या सगळ्या मिरच्या कांडल्या आणि वर आणखी आणल्या. मसाल्याचा पहिला डबा तिनं शेळगावला पाठवला. आत्यांनी तो फडताळात ठेवला. त्या दिवसापासून त्या मोबाईलपुढं बसल्या नाहीत. मी दुपारी काही लावलं तर उठून गोठ्यात जायच्या.

सौरभ घरात मान खाली घालून वावरत होता. मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. दिग्विजयचा मात्र मला मेसेज आला. 'ताई, एक नंबर रँक झाला. क्लासमध्ये उदाहरण म्हणून दाखवला. माझं ऐकलंत, बरं वाटलं.' मी त्याला काय लिहिलं ते छापण्यासारखं नाही.

मग इंदापूरच्या आठवडी बाजारात गेलो, आत्या आणि मी. भाजी घेत होतो. एक कॉलेजची पोरगी मैत्रिणींना घेऊन जवळ आली. चांगल्या घरची वाटत होती, बोलायला गोड.

"आजी, तुमीच ना त्या पाय धरणाऱ्या? माझ्या मम्मीला तुमी लई आवडता."

आत्या कसनुसं हसल्या.

"एक फोटो काढू का?" असं म्हणत तिनं मोबाईल मैत्रिणीकडं दिला आणि आपली चप्पल घातलेली पावलं थोडी पुढं केली. "आजी, ते तसंच करा की. वाकल्यासारखं. नुसतं करायचंय हो, खरं न्हाय."

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं आता फाडून खातील हिला. परदेशातल्या बाईला पोळी उलटायला शिकवणारी ही बाई, चेअरमनला तोंडावर बोलणारी. आत्या त्या पोरीच्या पायांकडं बघत उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग मी बोलले. पिशवी खाली टाकली आणि भर बाजारात त्या पोरीला असं झाडलं, की भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. तुझ्या आईला वाकायला लाव, म्हटलं. व्हिडिओ पूर्ण बघितलास का, म्हटलं. ह्या बाईनं काय केलंय तुला कळतंय का, म्हटलं. माझा घसा फाटला. पोरगी रडकुंडीला आली. तिची मैत्रीण मात्र रडत नव्हती. मोबाईल तिच्या हातात होता आणि तो तिनं कधीच माझ्याकडं वळवला होता.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आला. आत्यांचं नाव टाकून शोधलं की आता सगळ्यात वर मी येते, तोंड उघडं, हात उगारलेला. आत्यांनी विचारलं, "काय लिवलंय त्याच्याखाली?"

मी वाचून दाखवलं, 'पाय धरणाऱ्या कुशाबाईंची सून बाजारात भडकली'.

आत्यांनी मोबाईल हातात घेऊन व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. "ह्यातलं खोटं काय हाय?" त्या म्हणाल्या.

काहीच खोटं नव्हतं. मी भडकलेच होते, आणि अजून भडकलेलीच आहे.